छताला खळ

छत पडलं तेव्हा विहीणबाई चहा पीत होत्या.

छत म्हणजे कापडाचं, छपराच्या कवेलूंच्या खाली मी बांधलेलं. आधी एका कोपऱ्यात टप्प असा आवाज झाला. मग दुसऱ्या कोपऱ्यात झाला. मग सगळं कापड वर साचलेल्या भुशाच्या धुळीसकट आमच्या दोघींच्या डोक्यावर आलं. काही वेळ आम्ही त्याच्याखाली, दुरडीखाली झाकलेल्या दोन कोंबड्यांसारख्या बसून होतो. माझ्या पाठीवरून काहीतरी पळालं. मी धडपडून कापड बाजूला केलं.

विहीणबाई होत्या तशाच बसल्या होत्या. हातात कप तसाच. तोंड पांढरं, भुवया पांढऱ्या, कुंकवाच्या जागी नुसता डाग. एक मोठा उंदीर त्यांच्या खांद्यावरून उतरला आणि घाई नसल्यासारखा दाराबाहेर गेला. त्यांच्या मांडीवर उंदराची पिल्लं पडली होती, चार-पाच तरी असतील, गुलाबी, डोळे मिटलेली.

त्यांनी मांडीकडे पाहिलं. कपाकडे पाहिलं. चहावर धुळीची साय आली होती.

"ईनबाई," त्या म्हणाल्या. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. "चहासोबत हे पण देता काय तुम्ही?"

ही बाई माझी खोली पाहायला आली होती. खोली पसंत पडली तर तिची लेक, म्हणजे माझी सून, आणि आमची नात तुमसरला माझ्याकडे येणार होत्या. नाही पडली तर माझा मुलगा सिहोऱ्याला घरजावई होऊन जाणार होता आणि मी त्या खोलीत एकटी राहणार होते. तसं ठरल्यासारखंच होतं. फक्त ही पाहणी बाकी होती.

आम्ही मूळचे आंधळगावचे, विणकर. माझ्या बापाचा माग होता, सासऱ्याचा माग होता, नवऱ्याचा माग होता. मी चौथी शिकले आणि मग मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. नवरा गेला, मागाचं कापड कोणी घेईना, मुलगा म्हणाला मी हे करणार नाही. मी म्हटलं नको करू. माग मोडला. मुलाला तुमसरला राइस मिलमध्ये मशीनवर काम लागलं आणि मिलच्या मागच्या गल्लीत आम्ही खोली भाड्यानं घेतली. तोपर्यंत जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला होता. आम्हाला त्याचा काही फरक पडला नाही. खोली एकच होती ती एकच राहिली.

लग्नानंतर सून त्या खोलीत आली. शेतकऱ्याची पोर, मोठ्या अंगणात वाढलेली. तिनं तक्रार केली नाही, पण धानाचा हंगाम सुरू झाला, मिल रात्रंदिवस चालू लागली आणि भुशाची धूळ कवेलूंच्या फटींतून खाली येऊ लागली. भातावर धूळ, अंथरुणावर धूळ. सून रोज डोळे चोळायची. सातव्या महिन्यात ती रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी गेली, तिथे मुलगी झाली. सव्वा महिना झाला, दोन झाले, ती काही येण्याचं बोलेना. मुलगा भेटायला गेला आणि तोंड पाडून परत आला.

"काय म्हणते?"

"म्हणते, वरून कचरा पडते. लेकराच्या डोळ्यात जाईन. मी नाही येत."

"मग?"

"तिचे बाबा म्हणतात, तूच इकडे ये. वावर आहे, घर आहे. मिलमध्ये काय ठेवलं आहे?"

"तू काय म्हणाला?"

"मी काय म्हणू? मले नागर धरता येत नाही."

नागर म्हणजे नांगर. खरंच येत नव्हता. पण माणूस शिकतो. बायको-लेकरासाठी तर लवकर शिकतो. आणि दोन दिवसांनी सिहोऱ्याकडून निरोप आला, की पोळा झाला की ईनबाई स्वतः खोली पाहायला येतील आणि मग सांगतील.

रीत अशी, की सासूनं साडी-चोळी घेऊन सुनेला आणि बाळाला आणायला जायचं. इथे उलटंच. सुनेची आई माझी खोली तपासायला येणार, जसा बाजारात बैल तपासतात. मला राग आला. रागात मी कामाला लागले. माझा राग नेहमी असाच कामी येतो.

पैसे नव्हतेच, म्हणून त्यांचा विचार केला नाही. गल्लीत आणि मिलमध्ये फुकट काय मिळतं ते पाहिलं. भुसा फुकट होता. पत्र्याच्या डब्याला खालून भोक पाडायचं, मध्ये बाटली उभी ठेवायची, भोवती भुसा दाबून भरायचा आणि बाटली हळूच ओढून काढायची. ही भुशाची शेगडी एकदा पेटली की डाळ, भात, आंघोळीचं पाणी, सगळं होतं. सून असताना धूर व्हायचा, कारण ती भुसा सैल भरायची. मी तिला सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. तर ती शेगडी दाराबाहेर ओट्यावर नेली, भोवती विटा लावल्या, वर पत्रा टाकला. धूर गेला.

मिलमधून फाटक्या चुंगड्या आणल्या, आम्ही पोत्यांना चुंगड्या म्हणतो. उकळत्या पाण्यातून काढल्या, वाळवल्या, शिवल्या, त्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलं आणि वर जुनी साडी चढवली. गादी झाली. पहिल्या रात्री कुरकुर वाजते, मग अंगाचा आकार घेते. भिंतींना खालून गेरू आणि वरून छुई, म्हणजे पांढरी माती, लावली. फरशी सिमेंटची होती, फुटकी. फटींत मी मातीचा गिलावा भरला आणि वरून शेणानं सारवलं. घरमालक म्हणाला, सिमेंटवर कोणी सारवते काय? मी म्हटलं, तुमचं सिमेंट असतं तर नसतं सारवलं.

मागाचं सामान मी फेकलं नव्हतं. कापड गुंडाळायचं गोल लाकूड भिंतीला दोन खिळ्यांवर ठेवलं, त्यावर साड्या टांगल्या. मागावर बसायची फळी होती, नवऱ्याच्या बसण्यानं मध्ये खोलगट झालेली. ती शेगडीच्या जुन्या कोपऱ्यात डबे ठेवायला लावली. डबे मधल्या खड्ड्याकडे घसरत, पण पडत नसत. आणि किनारीच्या नक्षीचे पुठ्ठे होते, भोकं पाडलेले, एकाला एक दोऱ्यानं बांधलेले. खिडकीला नुसते गज होते, पल्ला नव्हता, आणि समोर मिलचा संडास. तिथे ते पुठ्ठे टांगले. हवा यायची, संडास दिसायचा नाही, आणि सकाळी उन्हाचे ठिपके समोरच्या भिंतीवर पडायचे. आंधळगावात ज्या भोकांतून साडीची किनार निघायची त्यांतून इथे ऊन निघू लागलं. मुलानं पाहिलं आणि म्हणाला, "आई, बरं दिसते." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

पण खरं काम वरचं होतं. धूळ वरून येत होती आणि सून धुळीमुळे गेली होती. बाकी सगळं शेवयांवरची साखर.

पेटीत शेवटच्या ताग्याचं कापड होतं. नवऱ्यानं विणलेलं, जाड, पांढरं, कोणी न घेतलेलं. त्याचे पट्टे मी हातानं जोडले. खोलीएवढी चादर झाली. आता इथे विणकराचा स्वभाव आडवा आला. बिनखळीचं कापड आम्ही कापड मानत नाही. खळ म्हणजे तांदळाची पेज, घट्ट शिजवलेली, गाळलेली. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात, तेव्हा सूत उभं राहतं. खळ नसलेलं कापड लोंबतं. लोंबणारं कापड म्हणजे पोछा, आणि मी विहिणीच्या डोक्यावर पोछा बांधणार नव्हते.

मिलमध्ये कणी मिळायची, तुटका तांदूळ. पातेलंभर कणी शिजवली. अशी खळ केली, की माझी सासू असती तर काहीही न बोलता निघून गेली असती, म्हणजे तिला आवडली असती. कापड खळीत भिजवलं, ओलंच वर ताणून बांधलं. पावसाळ्यात खळ सुकत नाही, म्हणून शेगडी आत आणून खाली ठेवली आणि दिवसभर आम्ही मायलेक घामानं निथळत बाहेर बसलो. दोऱ्याही मी विकतच्या आणल्या नाहीत. उरलेल्या सुताचा पीळ घालून केल्या आणि त्यांनाही खळ दिली. का सोडायचं?

सुकल्यावर छत असं ताणलं की बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजायचं. सुरकुती नाही, झोळ नाही. कवेलूंत साचलेल्या धुळीचा कण खाली येईना. खोलीत उजेड दुप्पट झाला. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. मुलगा गादीवर पडून वर बघत राहिला. घरमालकही आला, मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "खोली तर चांगली झाली बाप्पा. भाडं वाढवा लागते आता."

"वाढवा," मी म्हटलं, "मग मी छत सोडून घेऊन जातो, तुम्ही तुमची धूळ ठेवा." तो गेला.

चारेक दिवसांनी वर काहीतरी सरसरू लागलं.

मुलगा म्हणाला, "आई, वर काहीतरी पळून राहिलं."

"चिमण्या असतील."

"चिमण्या रात्री पळत नाही."

"मग वारा असेल."

मला वाटलं ते मी म्हटलं. माझं लक्ष पोळ्याकडे होतं. मिल पावसाळ्यात बंद होती, मशीन उघडून दुरुस्तीला काढली होती, गोदाम झाडून-पुसून रिकामं केलं होतं. मिलच्या उंदरांना खायला दाणा नव्हता. हे मला दिसत होतं. आणि इथे डोक्यावर खोलीएवढं कापड पेजेत भिजवून, शेगडीवर खरपूस सुकवून ठेवलं आहे, हेही मला दिसत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र करायला मात्र कोणी नव्हतं. विणकराच्या घरी खळीचं कापड उंदरांपासून जपतात, पण ते पेटीत असतं. छताला लावलेलं कापड पेटीत नसतं, एवढं मला सुचलं नाही.

विहीणबाई सकाळच्या एसटीनं आल्या. अंगानं जाड, आवाज त्याहून जाड, काखेत छत्री, हातात लाखोरीच्या डाळीची पिशवी. मुलगा स्टँडवर घ्यायला गेला होता. त्यानं त्यांना दारात सोडलं आणि आलुबोंडे आणायला पळाला. खरं तर त्याला तिथे थांबायचं नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि पाहायला सुरुवात केली. फळीवर बोट फिरवलं. पाण्याच्या मडक्याचं झाकण काढून वास घेतला. गादी दाबली.

"तणस आहे?"

"तणस आहे."

"ओलं तर नाही?"

"ओलं असतं तर तुम्हाले बसाले दिलं नसतं. मी बसलो असतो."

त्या बसल्या, खिडकीकडे वळल्या. "हे पुठ्ठे कायले टांगले?"

"ऊन गाळाले."

"आम्ही पीठ गाळतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऊन गाळा."

मग त्यांनी वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मी चहा टाकता टाकता कान देऊन होते. त्यांनी छत्री उचलली आणि टोकानं छताला दोनदा ठोकलं. ढब ढब वाजलं.

"हे बरं केलं," त्या म्हणाल्या.

एवढंच. पण मी जिंकले होते. पातेल्यात साखर जास्त टाकली. कप हातात दिला. त्यांनी पहिला घोट घेतला, आणि वर, छत्रीच्या ठोक्यानं बिथरलेले उंदीर सैरावैरा पळाले, आणि आधीच कुरतडलेल्या माझ्या खळीच्या दोऱ्या तुटल्या. पुढचं सांगितलंच आहे.

तर त्या तशा बसल्या होत्या, मांडीवर पिल्लं घेऊन. त्यांनी कप खाली ठेवला. पिल्लं पदराच्या टोकात गोळा केली, उठल्या, बाहेर जाऊन गल्लीच्या कडेला ठेवून आल्या. आल्या तेव्हा पदर झटकत होत्या.

"काय झालं त्यांचं?" मी विचारलं.

"मांजर होतं."

मग खाली बसून त्यांनी कापडाचं टोक हातात घेतलं. कडा कातरल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांनी ते नाकाशी नेलं. "पेज लावली याले?"

"खळ."

"खळ म्हणजे पेजच ना?"

"तांदळाचीच असते."

"म्हणजे तुम्ही उंदरायले पंगत बसवली," त्या म्हणाल्या. "वर पान मांडलं. आणि वाढाले कोणी नाही म्हणून त्यायनं आपल्या हातानं घेतलं."

"पंगतीले तुम्ही पण आल्याच ना."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर मला वाटलं, झालं, आता उठतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पांढऱ्या भुवयांखाली डोळे तेवढे काळे. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग आवाज निघाला. हसता हसता त्यांना धुळीचा ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या परत हसल्या.

"जिल्हा फुटला तेव्हाही एवढी धूळ नाही उडाली," त्या म्हणाल्या.

मग मीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात मुलगा आलुबोंड्यांचा पुडा घेऊन दारात आला. त्यानं जमिनीवरचं छत पाहिलं, पांढरी झालेली सासू पाहिली, पांढरी झालेली आई पाहिली. कोणाचंच तोंड त्याला वाचता येईना.

"काय उभा आहे?" विहीणबाई म्हणाल्या. "झाडू आण. आणि ते बोंडे झाकून ठेव, इथे खाणारे लय आहेत."

तो झाडू आणायला गेला तेव्हा मी सरळ विचारलं. मला आडवळणं जमत नाहीत.

"म्हणजे पोरगी पाठवत नाही तुम्ही."

"काहून?"

"तुम्ही पाहाले आल्या. पाहिलं. तुमच्या इथे घर आहे, वावर आहे. माझा पोरगा घेऊन जा म्हणा."

त्यांनी दाराकडे पाहिलं, जावई ऐकत नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली केला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा नेहमीचा.

"मले घरजावई कायले पाहिजे, ईनबाई? घरात दोन सुना आहेत माझ्या. पोरगी येऊन बसली आहे तर रोज एक विचारते, ताईची तब्येत आता बरी आहे ना. दुसरी विचारते, ताईची तब्येत आता बरी आहे ना. तब्येत काही झाली नाही तिले. घरजावई म्हणजे आमच्या मालकाची हौस. जावयाले नागर धरता येते?"

"नाही येत."

"मग तर झालंच. मी पाठवाच्याच तयारीनं आलो होतो. फक्त घरी जाऊन सांगाले काहीतरी पाहिजे ना. खोली अशी आहे, तशी आहे. तुमचं छत पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, हे सांगतो."

"आणि आता काय सांगता?"

"आता हेच सांगतो का काय," त्या म्हणाल्या आणि परत हसू लागल्या. मग थांबल्या. "पण खळ धुवा. खळ धुतली तर मी पाठवतो. लेकराच्या अंगावर उंदीर पडलेला मी काही नाही पाहणार."

मी म्हटलं, "बिनखळीचं कापड लोंबते."

"लोंबू द्या."

"झोळ पडते."

"ईनबाई, तुमच्या-माझ्या पोटाले नाही पडला झोळ? त्याले कोणती खळ लावली?"

मी कापड गोळा करायला घेतलं.

त्या परतीच्या एसटीनं जाणार होत्या, त्या राहिल्या. आम्ही दोघींनी कापड नाल्यावर नेलं आणि दगडावर आपटून आपटून खळ काढली. पेजेसारखं पाणी निघत होतं. मला ते पाहवत नव्हतं, पण आपटत होते. त्या शेतातल्या बाईसारखं आपटत होत्या, कापड फाटेल याची फिकीर नसल्यासारखं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे. मग त्यांनी हात जरा आवरला. दोऱ्यांच्या जागी मुलानं मिलमधून तार आणली. कातरलेल्या कडा दुमडून शिवल्या, त्यामुळे छत चारी बाजूंनी वीतभर आखूड झालं. तिथे चुंगड्यांचे पट्टे जोडले. पांढऱ्याला तपकिरी काठ. विहीणबाई म्हणाल्या, "काठाची साडी झाली." माझ्या मते ती ठिगळं होती, आणि मी तसं सांगितलं.

बांधलं तेव्हा कापडाचा मध्ये झोळ पडला. वाजवून पाहिलं तर वाजलंच नाही. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. जेवताना मान खाली घालूनच जेवले. पण धूळ थांबली, आणि वर सरसर झाली नाही. उंदरांना पेजेशिवाय कापडात काही रस नव्हता.

आठवड्याभरानं सून आली. रीतीप्रमाणे मी आणायला गेले, साडी-चोळी घेऊन. विहीणबाईंनी आम्हाला एसटीत बसवलं. सुनेच्या मांडीवर नात, माझ्या मांडीवर पिशवी. पिशवी सारखी हलत होती.

"यात काय दिलं?" मी खिडकीतून विचारलं.

"मांजर," त्या म्हणाल्या. "तुमच्या नातीसोबत तुमच्या पाहुण्यायलेही पाहा लागते कोणीतरी."

कंडक्टरनं मांजराचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, देते, पण त्याला सीट पाहिजे. तो पुढे गेला.

सुनेनं खोलीत पाऊल टाकलं आणि आधी वर पाहिलं. मग डोळे उघडे ठेवून तशीच उभी राहिली, धुळीची वाट पाहत. काही पडलं नाही. तिनं लेकराला गादीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, शेगडी कुठे गेली?" म्हणजे राहायचं ठरलं.

नातीला ते लोंबतं छत आवडायचं. पुठ्ठ्यांतून वारा आला की कापडाचं पोट फुगायचं आणि बसायचं. ती पाठीवर पडून ते बघत राहायची आणि बघता बघता झोपायची. ताणलेलं असतं तर हललं नसतं. हे मी कबूल करते, पण विहिणीसमोर केलं नाही. रांगायला लागल्यावर ती भिंतीवरचे उन्हाचे ठिपके पकडायला जायची. घरमालकानं भाडं वाढवलंच. ते तो तसंही वाढवणार होता.

त्या खोलीत आम्ही बरीच वर्षं काढली. सुनेनं पुढे भिंतींना रंग लावला, माझी छुई घालवली. मी म्हटलं, तुझं घर आहे, लाव. विहीणबाई दर वर्षी एकदा येत, छत्रीच्या टोकानं छताला ठोकत आणि माझ्याकडे बघत. वाजत नसे. मग चहा मागत. मी कपावर बशी झाकून देत असे.

आता आम्ही दुसरीकडे राहतो, सिमेंटच्या छताखाली. ती खोली पाडली. मांजर म्हातारं होऊन मेलं. ते कापड मी ठेवलं आहे, बिनखळीचंच. छत पडलं त्या दिवशी त्याच्याखाली मी होते आणि माझी विहीण होती. दोघीही अजून आहोत.